रात्रीच्या अभ्यासाला चहा: डोकं खरंच जास्त चालतं का?

अभ्यासिका_दारव्हा

नमस्कार मंडळी,

आमच्या गावात (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ) ग्रामपंचायतीच्या जुन्या सभागृहात अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, नर्सिंग, एमपीएससी असं वेगवेगळं करणारी पोरं-पोरी येतात. परीक्षेच्या दिवसांत दहावी-बारावीचीही येतात. बहुतेक जण दिवसा वावरात नाहीतर एखाद्या दुकानात राबतात, त्यामुळे गर्दी होते ती रात्री आठनंतर. गावातल्या एका सज्जनाने शेगडी, मोठा गंज (पातेलं) आणि पत्ती-साखरेचा महिन्याचा खर्च द्यायचं कबूल केलं आहे. समितीचं म्हणणं असं की रोज रात्री नऊला आणि परत साडेअकराला सगळ्यांना चहा द्यायचा, म्हणजे पोरं पेंगणार नाहीत.

त्यांची तळमळ खरी आहे, मला ती मोडायची नाही. पण आधी नीट समजून घ्यायचं आहे. चहाने एकाग्रता वाढते, की नुसती झोप उडते? साडेअकराच्या चहावर वाचलेलं सकाळी आठवतं का? आणि काही मुली आधीच फिकट दिसतात, सकाळपासून चहावरच असतात. त्यांचं काय?

"चहा सोडा" किंवा "चहा म्हणजे अमृत" एवढ्यावर थांबू नका. शरीरशास्त्रातलं, रसायनातलं, आरोग्य खात्यातलं कोणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. रविवारी समितीची बैठक आहे.

ओलीतवाला

भाऊ, चहानं फरक पडते. चांगला पडते.

आमच्याकडं रब्बीत मोटरीले लाइन रातची येते. हरभऱ्याले पानी द्यायचं म्हणजे बारापासून पहाटपर्यंत वावरात राहा लागते. पाइप बदलवा, नोझल साफ करा, अन् रोही-डुकरायचं भेव वेगळंच. थर्मासात कोरा चहा नेतो, अद्रक टाकून. एक-दीडच्या सुमारास डोळे जड होतात तवा झाकणभर पेतो. अर्ध्या घंट्यात हात बरोबर चालाले लागते. वलं अंग, वली जमीन, डोळ्यावर झोप अन् समोर तीन फेजची स्टार्टर पेटी. त्या पेटीले अर्धवट झोपेत हात लावनं म्हणजे जिवाशी खेळ हाय. म्हणून माह्या हिशोबानं चहा पायजेच.

पोरायच्या अभ्यासाचं मी सांगू शकत नाही. जागरनाचं सांगू शकतो.

रसायनशाळा

ओलीतवाला भाऊंनी जे लिहिलं आहे ते शास्त्राला अगदी धरून आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. मेंदूतल्या पेशींवर त्याच्या ठरलेल्या जागा असतात. तिथे ते बसलं की पेशींचं काम मंदावतं आणि डोळे जड होतात. झोपेत ते निवळतं. चहातल्या कॅफिनचा रेणू घडणीने ॲडिनोसिनच्या जवळचा आहे, म्हणून तो त्या जागा आधीच अडवतो. गव्हाणीपाशी परकं ढोर येऊन उभं राहिलं की ते काही खात नसलं तरी आपल्या बैलाला जागा मिळत नाही, तसं. बैल भुकेला बाहेर उभाच असतो. ॲडिनोसिन कमी झालेलं नसतं, त्यात भरच पडत असते. कॅफिन उतरलं की सगळी झोप एकदम अंगावर येते ती यामुळे.

आता मूळ प्रश्न. ज्या कामात एकाच गोष्टीवर बराच वेळ नजर ठेवायची असते आणि काही दिसलं की झटकन हात हलवायचा असतो, तिथे कॅफिनचा फायदा स्पष्ट दिसतो. प्रतिसाद लवकर येतो, चुका कमी होतात, आणि थकलेल्या माणसात हा फरक जास्त दिसतो. भाऊंचं रात्रीचं ओलीत म्हणजे नेमकं हेच काम. पण नवीन धडा समजून घेणं, गणित सोडवायची रीत शोधणं, वाचलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत धरून ठेवणं यात चहाने ठळक वाढ होते असं म्हणता येत नाही. जागा माणूस पेंगणाऱ्यापेक्षा चांगलं वाचतो, तेवढा फायदा आहेच.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये काळ्या चहाचा हाच दावा तपासला होता. चहाने लक्ष सुधारतं हे त्यांनी मान्य केलं, पण तो परिणाम चहातल्या कॅफिनचा आहे आणि त्यासाठी साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफिन पोटात जावं लागतं, असंही नोंदवलं.

आपल्या कपात किती असतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन दिलं आहे. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. कँटीनवरचा कट त्या कपाच्या निम्मा असतो, म्हणजे १५ ते ३० धरा. एका कटाने "डोकं चालायला लागलं" असं वाटतं त्यात कॅफिनइतकाच वाटा जागेवरून उठण्याचा, चार पावलं चालण्याचा आणि दोन शब्द बोलण्याचा असतो. तो वाटाही खरा आहे, पण तो चहाशिवायही मिळतो.

राहिली वेळ. रक्तातलं कॅफिन अर्ध्या ते एका तासात शिगेला पोचतं आणि ते निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. काहींना तीन पुरतात, काहींना सातही लागतात. साडेअकराला दोन कप, म्हणजे ८० मिलिग्रॅम पोटात गेलं असं धरू. पहाटे साडेचारला त्यातलं ४० अंगात असतं, एक पूरा कप चहा नुकताच प्यायल्यासारखं. त्या अवस्थेतल्या झोपेला झोप म्हणायचं का, हे समितीला विचारा.

स्पर्धा_वरुड

मॅडम, आदर ठेवून सांगतो, हे कागदावर बरोबर आहे पण आमची परिस्थिती बघा. सकाळी संत्र्याच्या बागेत, दुपारी मंडीत, घरी येतो सात-साडेसातला. रात्र सोडून अभ्यासाला वेळ कुठून आणू? मी दहाला आणि एकला चहा घेतो. टेस्ट सिरीजचे मार्क वाढलेत, हे मी मनाने सांगत नाही, कागद आहेत. चहा नसता तर मी दहालाच आडवा झालो असतो. गावातल्या पोराला एसी लायब्ररी मिळत नाही, क्लास मिळत नाही, त्याच्याकडे रात्र आणि चहा दोनच गोष्टी आहेत.

आणि चहात नुसतं कॅफिन नसतं ना? थिअनिन नावाचं काहीतरी असतं, त्याने मन शांत राहून लक्ष लागतं म्हणतात. ऑनलाइन त्याच्या गोळ्याही मिळतात. घ्याव्यात का?

रसायनशाळा

दादा, तुमचा मुद्दा हलका नाही. ज्याला दिवस मोकळा नाही त्याला "रात्री झोपा" सांगणं सोपं असतं. वेळेचं खाली बोलू. आधी थिअनिन.

हे अमिनो आम्ल आहे आणि निसर्गात ते मुख्यतः चहाच्या झाडातच सापडतं. १९४९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते चहाच्या पानातून वेगळं केलं. झाडाच्या मुळात तयार होतं, वर पानात येतं, आणि पानाला ऊन लागलं की त्याचं रूपांतर तुरट द्रव्यांत होऊ लागतं. म्हणून जपानात काही मळ्यांवर तोडणीआधी सावली धरतात. त्या पानात थिअनिन जास्त राहतं.

इंग्लंडमध्ये २००८ साली एक प्रयोग झाला. ५० मिलिग्रॅम कॅफिन आणि १०० मिलिग्रॅम थिअनिन एकत्र दिल्यावर लोकांना एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष नेणं जास्त चांगलं जमलं आणि मधल्या व्यत्ययाने ते कमी विचलित झाले. तुम्ही ऐकलेल्या गोष्टीचा उगम असल्याच प्रयोगांत आहे. पण प्रमाण बघा. आपल्या एका कपात थिअनिन साधारण ५ ते २५ मिलिग्रॅम असतं. १०० गाठायला चार कप तरी हवेत, अनेकदा जास्तच, आणि तेवढ्या कपांबरोबर कॅफिन दीडशेच्या पुढे जाईल. प्रयोगातलं मिश्रण आणि गंजात उकळलेला दूध-साखरेचा चहा या वेगळ्या गोष्टी आहेत. गोळ्यांवर पैसे घालू नका. त्या पैशात महिनाभराचे शेंगदाणे आणि फुटाणे येतील.

जाता जाता पत्तीबद्दल. आपल्याकडची दाणेदार पत्ती सीटीसी, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, गोळी केलेली. तिच्यातून कॅफिन पहिल्या काही मिनिटांतच उतरतं. पुढे कितीही उकळलं तरी वाढतो तो टॅनिन या तुरट द्रव्याचा कडवटपणा. "कडक चहाने जास्त जाग येते" म्हणून दहा-दहा मिनिटं गंज उकळत ठेवतात त्यातून काही साधत नाही. मग कडू लागतो म्हणून साखर वाढते. कपाला दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर धरली तर पाच कपांत ५० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी वरची हद्द सांगते ती एवढीच, आणि शक्य असेल तर तिच्या निम्म्यावर राहा म्हणते. साखरेने तरतरी येते ही समजूतही टिकत नाही. अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा साखर खाल्ल्यावर तासाभरात सुस्तीच वाढलेली दिसली.

जुने_गुरुजी

वरुडच्या मुलासाठी लिहितो. बाळा, तुझे कष्ट दिसतात. म्हणूनच झोपेचं सांगतो.

१९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावले. कधी पाठांतरानंतर लगेच झोपू दिलं, कधी जागं ठेवलं. काही तासांनी विचारलं तेव्हा झोपेनंतर कितीतरी जास्त आठवलं. पुढच्या शंभर वर्षांत यावर पुष्कळ काम झालं आणि मूळ गोष्ट टिकून राहिली: दिवसा वाचलेलं पक्कं बसवायचं काम मेंदू झोपेत करतो. एकचा चहा पिऊन तू दोन तास वाचतोस, आणि ज्या वेळात ते वाचन बसायचं तोच वेळ कमी करतोस.

तुझे गुण वाढले ते तू अभ्यास करतोस म्हणून वाढले. दहाला झोपून चारला उठलास तर तेच तास तुला पहाटे मिळतील. माझ्या वर्गातली शेतकऱ्यांची पोरं पहाटे म्हशीच्या धारेच्या वेळी उठून वाचायची, आणि त्यांचं वाचन पक्कं असायचं.

अभ्यासिकेच्या निमित्ताने आणखी एक. चहा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे असं वाटतं, पण तसं नाही. आसामातला चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात विकला गेला १८३९ मध्ये. तो साहेबासाठी होता. खेड्यापाड्यातल्या माणसाला चहाची सवय लावायला १९३० च्या दशकात चहा-व्यापाराने देशभर मोठी मोहीम चालवली. त्याच काळात, १९३६ पासून, गांधीजी आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहत होते आणि चहाविरुद्ध लिहीत होते. त्यांचा आक्षेप चहातल्या टॅनिनवर होता. त्यांनी दिलेलं कारण आज तसंच्या तसं मान्य होणार नाही, पण टॅनिनकडे त्यांनी बोट दाखवलं होतं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याबद्दल इथे कोणी आरोग्य खात्यातलं असेल तर लिहावं.

सिस्टर_मेळघाट

गुरुजी, मीच लिहिते. आरोग्य उपकेंद्रात एएनएम (परिचारिका) आहे.

अभ्यासिकेच्या दादांनी फिकट दिसणाऱ्या मुलींबद्दल एका ओळीत विचारलं आणि वर कोणीच त्याला हात लावला नाही. माझ्या मते पूर्ण धाग्यात तोच प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे अभ्यासिकेत वीस मुली बसत असतील तर दहा-अकरा जणींचं रक्त कमी असू शकतं. रक्त कमी असलेल्या मुलीला काय होतं? धड्यावर नजर असते पण डोक्यात जात नाही. जिना चढताना धाप लागते. दुपारी डोकं दुखतं. संध्याकाळी अंग गळून जातं. घरचे म्हणतात आळशी आहे, ती स्वतः म्हणते माझं लक्षच लागत नाही. आणि उपाय म्हणून काय देतो आपण? चहा.

चहातलं टॅनिन पोटात लोहाला धरून ठेवतं, त्याला रक्तात जाऊ देत नाही. भाजी, डाळ, धान्य यातलं लोह तर आधीच कमी शोषलं जातं. जेवणासोबत चहा घेतला तर ते निम्म्याहूनही कमी होऊ शकतं. आता आपल्याकडची सकाळ आठवा. कालची पोळी, बशीत चहा, पोळी मोडून त्यात बुडवायची, खायची, वावराची वाट धरायची. निंदणाला जाणाऱ्या बायांचा, कॉलेजला जाणाऱ्या पोरींचा नाश्ता हाच. त्या पोळीत जे काही लोह होतं त्यातलं बरंच चहाने अडवलं. बारा वाजता डब्यासोबत परत चहा.

याहून वाईट म्हणजे लोहाची गोळी चहासोबत घेणं. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात. ती मुली घरी आणतात आणि मळमळ होते म्हणून चहाच्या घोटासोबत गिळतात. मी गृहभेटीला गेले की आधी खालची पापणी ओढून बघते. पांढरट दिसली की विचारते, गोळी कशासोबत घेते? उत्तर बहुधा तेच असतं. गोळी गेली, आईला समाधान झालं, आणि रक्तात मात्र फारसं काही पोचलं नाही.

पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शिकेत लिहिलं आहे: जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. मी घराघरात एवढंच सांगते. चहा बंद करा म्हटलं तर कोणी ऐकत नाही, आणि तशी गरजही नाही. तासाचं अंतर ठेवा. जेवताना लिंबू पिळा, आवळा खा, हंगामात संत्रं खा, कारण क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, वरून लिंबू. जवसाची, तिळाची चटणी. यातलं काहीच महाग नाही.

एक सावधगिरी. आपल्या विदर्भात सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बरंच आहे. त्यातही रुग्ण फिकट दिसतो, पण प्रत्येकालाच लोहाची गोळी चालते असं नसतं. तपासणी झाल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून कोणाला देऊ नका.

पांढरं_सोनं

सिस्टर ताई, तुमचं वाचून पोटात कालवलं. आमच्या घरी रोज हेच चालते. कापूस वेचाले जाताना सकाळी चहा-पोळी, मग थेट दुपार. चहानं भूक मरते म्हणून आम्ही बाया मुद्दाम दोनदा पेतो, म्हणजे वेचा थांबत नाही. किलोवर मजुरी असते ना.

माही मुलगी बारावीले आहे. तिचंही लक्ष लागत नाही म्हणते. उद्याच उपकेंद्रात नेते.

अभ्यासिकेच्या दादा, तुमाले एक विनंती. त्या सज्जनांले म्हणा, पैसे पत्ती-साखरेऐवजी फुटाणे, शेंगदाणे, गूळ याच्यात टाका. कितीतरी पोरं रातची अर्धपोटी येतात. त्याइले झोप येते का भुकेनं ग्लानी येते, हे बाहेरून समजत नाही.

जिनिंगफेरी

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून आहे, पण विचारतो. हंगामात जिनिंगवर (सरकी काढायच्या कारखान्यावर) कापसाच्या गाड्या रात्रभर रांगेत असतात. काटा होऊन पहाटे रिकामी गाडी घेऊन निघतो. चहा मारून निघतो, तरी कधी कधी डोळा लागतो की काय असं होतं. तेव्हा काय करावं? दोन चहा घ्यावेत?

रसायनशाळा

दादा, विषय सोडून मुळीच नाही. दोन चहा घेऊन लगेच निघू नका. एक भरलेला कप घ्या, गाडी बाजूला सुरक्षित लावा, गजर लावा आणि पंधरा मिनिटं डोळे मिटा. कॅफिन चढायला तेवढा वेळ लागतोच, आणि तेवढ्या डुलकीनेही झोपेचा दाब हलका होतो. दोन्ही एकदम कामी येतात. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात १९९७ मध्ये पेंगुळलेल्या वाहनचालकांवर हे तपासलं होतं. कॅफिन आणि पंधरा मिनिटांहून कमी डुलकी एकत्र घेतलेल्यांची झोप बरीच आवरली. तिथे कॅफिन १५० मिलिग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे आपल्या चहाच्या तीन-चार कपांइतकं. त्यामुळे आपल्याकडे डुलकीवर जास्त भरवसा ठेवा. रात्रभर जागला असाल तर चहाच्या भरवशावर लांबचा पल्ला गाठू नका, खरोखर झोपून मग निघा.

स्पर्धा_वरुड

गुरुजी, पहाटेचं करून बघतो. पण एक अडचण. सकाळी चहा घेतल्याशिवाय माझं डोकं दुखतं आणि अक्षर डोळ्यांसमोर नाचतं. चहा पिल्यावर पाच मिनिटांत सगळं ठीक. म्हणजे चहाने माझं डोकं चालतं हे खरंच ना?

रसायनशाळा

तुम्हाला रोज जास्त चहाची सवय आहे. अशा माणसाचा चहा थांबला की १२ ते २४ तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड सुरू होते. रात्रीच्या चहानंतर सकाळपर्यंत त्याची थोडी सुरुवात झालेली असू शकते. सकाळच्या कपाने ती मिटते आणि हुशारी आल्यासारखी वाटते. अशा वेळी चहा तुम्हाला बाकीच्यांच्या पुढे नेतो, की जिथून घसरलात तिथे परत आणून ठेवतो, यावर संशोधकांत जुना वाद आहे. दोन्ही बाजूंकडे पुरावे आहेत. माझं मत असं, की जो दिवसाला एक-दोन कप पितो त्याला गरजेच्या वेळचा कप खरोखर उपयोगी पडतो. जो सात-आठ पितो त्याचे बहुतेक कप आधीच्या कपाची उतार भरण्यात जातात.

कमी करायचा असेल तर एकदम तोडू नका. दर तीन-चार दिवसांनी एक कप घटवा. एकदम बंद केला तर डोकेदुखी आठवडाभरही राहू शकते, आणि परीक्षेच्या तोंडावर तो त्रास कशाला. पाच मिनिटांत बरं वाटतं ते गरम घोटाने आणि सवयीने. कॅफिन तोवर पुरतं चढलेलंही नसतं.

ओलीतवाला

मॅडम, समदं पटलं. पन एक विचारतो. तुमी सगळे रातचा चहा नको म्हनता. मग आमी काय करावं? लाइन तर रातचीच येते. झोपून ओलीत होत नाही.

रसायनशाळा

भाऊ, तुम्हाला रात्री जागं राहणं भाग आहे आणि तिथे एका चुकीत जीव जातो. तुम्ही चहा घ्याच. फक्त पाळीच्या सुरुवातीला आणि मध्यात घ्या, पहाटे घरी यायच्या चार-पाच तास आधी थांबा, म्हणजे सकाळी झोप लागेल. ती झोप सोडू नका. विद्यार्थ्याला मात्र जागं राहून भागत नाही, त्याला वाचलेलं लक्षात ठेवायचं आहे. म्हणून त्याच चहाचा हिशेब दोघांना वेगळा लागतो. दहावीच्या मुलांना तर आणखी कमी. वाढत्या वयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम कॅफिनपेक्षा जास्त नको, असं युरोपच्या त्याच संस्थेने सांगितलं आहे. ४० किलोच्या मुलाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कपांत हद्द संपते. घरचा दिवसभराचा चहा त्यातच मोजायचा.

अभ्यासिका_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठक झाली. धागा छापून नेला होता, सिस्टरताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. त्यावर एक महिला सदस्य म्हणाल्या की गोळी चहासोबत त्याही घेत होत्या.

ठरलं ते असं. साडेअकराचा चहा रद्द. अभ्यासिका रात्री साडेदहाला बंद होईल आणि पहाटे साडेचारला उघडेल. चहा पहाटे पाचला, ज्याला हवा त्याला, साखर एक चमचा. रात्रीचा नऊचा चहा पूर्ण काढायला दोन जणांचा विरोध होता. म्हणून तो आठला घेतला आहे, कट एवढाच, आणि दहावीच्या मुलांना नाही. जे जेवून येतात त्यांनी तासाभराचं अंतर पाळायचं. त्यानंतर कोणाला गरम काही हवं असेल तर पत्ती न घालता गवती चहा आणि अद्रक उकळून. परसात तो भरपूर आहे आणि त्यात कॅफिन नसतं. देणगीदारांनी पांढरं सोनं ताईंची सूचना लगेच मान्य केली. फुटाणे आणि शेंगदाण्याचे डबे आले आहेत.

पहाटे येणाऱ्या मुलींसाठी सोबत हवी होती. दोन सदस्य आणि एका मुलीचे वडील आळीपाळीने वस्तीवरून घेऊन येणार आहेत.

सिस्टरताई, शेवटचं विचारतो. आमच्या उपकेंद्रातल्या ताईंना अभ्यासिकेत बोलावून सगळ्यांचं रक्त तपासायचं आहे. त्यांना काय सांगू?

सिस्टर_मेळघाट

दादा, त्यांना दोन तपासण्या सांगा: हिमोग्लोबिन, आणि ज्यांची आधी झालेली नाही त्यांची सिकलसेलची. ज्यांच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे त्यांनी ते सोबत आणावं. नावांची यादी वयासह आधी देऊन ठेवा, म्हणजे त्या तेवढं साहित्य घेऊन येतील. तपासणी मुलांचीही करा, रक्त त्यांचंही कमी निघतं. मुलींना बाहेर रांगेत उभं करू नका, आत वेगळी खोली द्या आणि आकडा ज्याचा त्यालाच सांगा. गोळ्या सुरू झाल्या तर रात्री जेवणानंतर पाण्यासोबत घ्यायच्या. तुमचा आठचा कट आणि गोळी यांच्यात अंतर राहील एवढं बघा. शौचाला काळसर होते त्याने घाबरून बंद करतात, ते आधीच सांगून ठेवा. गोळ्या सुरू झाल्यापासून महिन्याने परत तपासा आणि आकडा चढला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे पाठवा.

पांढरं_सोनं

आमच्या मुलीचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. सिकलसेल नाही. गोळ्या चालू केल्या, चहा-पोळी बंद करून सकाळी भाकर अन् जवसाची चटणी देते, चहा तिले आता दहा वाजता. सिस्टर ताई, मी स्वतःही तपासून घेते.